ल्युसीनचे प्रकरण मी दोनदा का लिहिले

एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या शेवटच्या सत्रात मला प्रबंधासाठी ‘मेंदूतील अमिनो आम्ले आणि कोंबडीची भूक’ हा विषय मिळाला. मामांची मुरबाडजवळ ब्रॉयलरची शेड असल्याने आणि लहानपणापासून तेथे पिल्लांना खाद्य घातलेले असल्याने तो आपल्याला सोपा जाईल, अशी माझी समजूत होती. या विषयातील बरेच प्रयोग पिल्लांच्या मेंदूतील पोकळीत अमिनो आम्लाचा द्राव अतिशय थोड्या मात्रेत टोचून, पुढच्या तासाभरात त्यांनी किती खाद्य खाल्ले ते मोजून केलेले असतात. तशी सोय आमच्या विभागात नव्हती, त्यामुळे माझ्या वाट्याला प्रकाशित शोधनिबंधांचा आढावा घेण्याचे काम आले.

नौपाड्यातील खोलीवर बसून मी पहिले प्रकरण ल्युसीन या अमिनो आम्लावर लिहिले. उंदरांच्या मेंदूत ल्युसीन टोचले की हायपोथॅलॅमस या भूक सांभाळणाऱ्या भागातील एमटॉर ही पोषणाची दखल घेणारी यंत्रणा जागी होते आणि त्यांचे खाणे घटते, हे 2006 मध्ये दाखवले गेले होते. मक्याच्या प्रथिनात ल्युसीन भरपूर असते आणि कोंबडीखाद्यात मका सर्वांत जास्त असतो, हे मला ठाऊक होतेच. या दोन गोष्टी जोडून मक्यामुळे कोंबडीची भूक कशी आवरली जाते, यावर मी अकरा पाने भरली. ती मला फार आवडली होती, हेही मान्य केले पाहिजे.

मार्गदर्शक मॅडमनी पाने चाळून एवढेच विचारले, ‘‘हे सगळे उंदराचे झाले. पिल्लांवर केलेले काम कुठे आहे?’’ ते काम होते, आणि उंदरावरील निबंधाच्या दोन वर्षे आधीचे होते. 2004 मधील त्या निबंधानुसार नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांच्या मेंदूत ल्युसीन टोचल्यावर त्यांचे खाणे घटले नाही, उलट वाढले. विशेष म्हणजे आयसोल्युसीन आणि व्हॅलीन ही ल्युसीनची जवळची भावंडे असूनही त्यांनी तसा परिणाम दाखवला नाही. माझी अकरा पाने त्या रात्री रद्दीत गेली.

पक्षी सस्तन प्राण्यांप्रमाणे वागेलच असे नाही, हे घ्रेलिनच्या बाबतीतही दिसते. सस्तन प्राण्यांची भूक वाढवणारे हे संप्रेरक पिल्लांच्या मेंदूत टोचले तर त्यांचे खाणे कमी होते. त्यानंतर मी नोंदवहीत प्रत्येक निबंधापुढे दोन रकाने आखले, ‘प्राणी कोणता’ आणि ‘कुठे दिले’.

दुसऱ्या रकान्याने मला अधिक छळले. मेंदूत थेट टोचलेले आणि चोचीने टिपलेले अमिनो आम्ल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रक्तातून मेंदूत शिरण्यासाठी ल्युसीन आणि ट्रिप्टोफॅन हे दुसरे अमिनो आम्ल यांना एकाच वाहक प्रथिनाच्या दारात रांग लावावी लागते. ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन हे मेंदूतील संदेशवाहक रसायन बनते आणि मेंदूतील सेरोटोनिन वाढले की कोंबडीचे खाणे मंदावते. त्यामुळे खाद्यातील एखाद्या आम्लाचा परिणाम ठरवताना त्याच्या सोबत रांगेत कोण उभे आहे, हे पाहावेच लागते. अत्यावश्यक, म्हणजे खाद्यातूनच मिळावी लागणाऱ्या, आम्लांपैकी एखादे खूपच कमी पडले तर पिल्ले ते खाद्य खाणेच कमी करतात. माझ्या पहिल्या प्रकरणात यातील काहीच नव्हते.

ग्लुटामेट आणि गाबा या मेंदूतील संदेशवाहक रसायनांचा भाग मात्र आठवड्याभरात झाला. ग्लुटामेटपासून एकाच विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने गाबा तयार होते, पण पिल्लांच्या भुकेवर दोघांचे परिणाम परस्परविरुद्ध आहेत. ग्लुटामेटचे एनएमडीए नावाचे ग्राही (संदेश स्वीकारणारे रेणू) रोखले तर खाणे वाढते, आणि गाबाचे ए प्रकारचे ग्राही चेतवले तरीही खाणे वाढते. मौखिक परीक्षेत बहिःस्थ परीक्षकांनी नेमके हेच विचारले, आणि ल्युसीनची सगळी तयारी माझ्याजवळच राहिली.

प्रबंध सादर केल्यावर मी मुरबाडला गेले, तेव्हा मामांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘मग खाद्यात ल्युसीन वेगळे घालू का?’’ मक्यात ते आधीच पुरेसे आहे, खरी चिंता लायसिन आणि मेथिओनीन या आम्लांची, असे मी सांगितले. ‘‘ते कारखानावाले घालतात,’’ असे म्हणून मामा फीडर भरायला उठले.