तुम्ही विचारलंत म्हणून: घरच्या वर्कशॉपसाठी टेबल सॉ कोणता घ्यावा?

‘घरीच लाकूडकाम करतो, 40 ते 60 हजार घालायची तयारी आहे, टेबल सॉ कोणता घेऊ?’ हा प्रश्न सतत येतो, आणि त्याला जोडून ‘किती वॉटचा?’ हेही विचारलं जातं. टेबल सॉ म्हणजे टेबलातून गोल पातं वर आलेली विजेची करवत. वॉटचा विचार शेवटी करा. या किमतीतले 10 इंची सॉ बहुधा 1800 ते 2000 वॉटच्या आसपासच असतात. पातं धारदार असेल तर 18 मिमी प्लाय किंवा इंच-दीड इंच जाडीचं सागवान ते नीट कापतात. सॉ चांगला की वाईट हे ठरतं फेन्सवर, म्हणजे लाकूड जिला टेकवून पुढे सरकवतो त्या पट्टीवर.

दुकानात फेन्स पाचदा सरकवून पाचदा लॉक करा आणि दरवेळी माइटरच्या खाचेपासून (टेबलावर पात्याच्या बाजूने जाणारी लांब खाच) तिचं पुढचं आणि मागचं अंतर मोजा. दोन्ही अंतरं दरवेळी सारखी यायला हवीत. लॉक केल्यावर मागचं टोक हाताने हलत असेल, तर तो सॉ तिथेच सोडा. फेन्सचं मागचं टोक पात्याकडे झुकलं की लाकूड फेन्स आणि पातं यांच्यात चिमटतं. पात्याचे मागचे दात खालून वर येत असतात. ते लाकूड उचलतात आणि तुमच्या अंगावर फेकतात. 254 मिमीचं पातं मिनिटाला 3650 फेरे घेत असेल, तर दातांचा वेग ताशी सुमारे 175 किलोमीटर होतो. लाकूड असं अंगावर फेकलं जाण्यालाच किकबॅक म्हणतात. डिवॉल्ट कंपनीच्या 7491 या सॉमध्ये फेन्सची दोन्ही टोकं दातेरी पट्टीवर एकत्र सरकतात, म्हणून ती सहसा तिरकी होत नाही. याच सोयीसाठी जास्त पैसे मोजावेत असं माझं ठाम मत आहे.

पातं खाचेला समांतर आहे का, हेही तपासा. सॉचा प्लग काढा, एका दाताला खूण करा, तो पुढे आणून खाचेपासूनचं अंतर मोजा, मग तोच दात मागे फिरवून पुन्हा मोजा. तोच दात घ्यायचा, म्हणजे पात्यातला वाक मोजमापात येत नाही. फरक 0.1 मिमीपर्यंत चालेल. जास्त असेल तर तो दुरुस्त करायचे स्क्रू या मॉडेलला आहेत का, ते विचारा. खाच 19 मिमी रुंद असेल तर बाहेरचे जिग (लाकूड धरून सरकवायचे साचे) आणि माइटर गेज (कोनात कापायची सरकती पट्टी) बसतात. वेगळ्या मापाची असेल तर त्या खाचेत सरकणारी प्रत्येक पट्टी स्वतः घडवावी लागते.

रायव्हिंग नाइफ नसलेला सॉ घेऊच नका. पात्याच्या मागे उभा असलेला आणि पात्याबरोबर वर-खाली होणारा हा पोलादी पत्रा कापलेली फट मिटू देत नाही. त्याची जाडी पात्याच्या अंगापेक्षा जास्त आणि दातांच्या रुंदीपेक्षा कमी हवी: अंग 1.8, नाइफ 2.3, दात 2.6 मिमी असं. नंतर स्वस्त म्हणून नाइफपेक्षा कमी रुंद दातांचं पातं आणलं, की लाकूड नाइफला अडतं, आणि लोक वैतागून नाइफच काढून टाकतात. बदलायचं ते पातं. प्लायच्या पाटाखाली मार्बल कटर उलटा बसवून केलेल्या जुगाडात नाइफही नसतो आणि गार्डही, म्हणजे पात्यावरचं झाकण. ते कितीही स्वस्त पडलं तरी करू नका.

‘आठ बाय चारची अख्खी शीट कापता येईल का?’ 18 मिमीची शीट 30 किलोच्या वर भरते, म्हणजे यातल्या काही सॉंपेक्षा जड. ती टेबलावर ढकलताना तिरपी होणारच. शीटचे तुकडे आधी जमिनीवर, हातातल्या सर्क्युलर सॉने आणि सरळ पट्टी लावून करा. मग फेन्स 600 मिमीपर्यंत उघडली तरी घरच्या कपाटांना पुरते.

पात्यासाठी चार-पाच हजार वेगळे ठेवा. सागवान रेषांच्या दिशेने चिरायला 24 दात, प्लायला 60, सनमायका लावलेल्या बोर्डाला 80. 60 दातांनी जाड लाकूड चिरलं तर दातांमधल्या बारीक जागेत भुसा अडकतो, पातं तापतं आणि कड काळी पडते. पातं घेताना मधलं भोक 25.4 मिमीचं की 30 मिमीचं, हे आपल्या सॉशी जुळवा.

1800 वॉट म्हणजे 230 व्होल्टला जवळजवळ 8 अँपिअर, आणि सुरू होताना त्याहून बरेच जास्त. म्हणून 16 अँपिअरचाच सॉकेट हवा. एक्स्टेंशन लागलंच तर 2.5 चौरस मिमी तारेचं आणि आखूड. बारीक तारेत व्होल्टेज पडतं आणि मोटर तापते. या मोटरी फार ओरडतात, त्यामुळे कानांवर मफ हवेतच, आणि फ्लॅटमध्ये राहत असाल तर कापायची वेळ शेजाऱ्यांशी आधीच ठरवून घ्या.