पोचा आलेला तांब्या आणि माझी इंटरमिजिएट

परवा ताईच्या मुलीने व्हॉट्सअ‍ॅपवर तांब्याचं चित्र पाठवलं. यंदा आठवीत आहे, चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसतेय. शेडिंग छान गुळगुळीत होतं, पण तांब्याचं तोंड पूर्ण गोल आणि बूड एकदम सपाट, पट्टीने रेघ मारल्यासारखं. बघितलं आणि मला माझाच आठवीतला कागद आठवला, कारण मीही अगदी असाच काढायचे आणि त्यात काय चुकलंय हे मला पूर्ण एक वर्ष कळलं नव्हतं. म्हणून म्हटलं सगळं एकदा नीट लिहूनच काढावं.

मी साताऱ्याजवळच्या एका गावातल्या हायस्कूलला होते. 2003 साली आठवीत एलिमेंटरीला बसले. तेव्हा आम्हाला जे शिकवलं गेलं ते म्हणजे गाईडमधली चित्रं बघून उतरवायची. स्मरणचित्राला, म्हणजे आठवणीतून काढायच्या चित्राला, बाजार आला तर ही पाठमोरी बाई, हा टोपीवाला माणूस, कोपऱ्यात ही टोपली, बसस्टॉप आला तरी तीच बाई आणि तोच माणूस, फक्त टोपलीच्या जागी बॅग. आम्ही पंधरा-वीस मुलं होतो आणि सगळ्यांच्या चित्रात तीच बाई असायची. वस्तुचित्राचा सराव पण पुस्तकातूनच, समोर वस्तू ठेवून काढायला कोणी बसवलंच नाही. परीक्षेच्या हॉलमध्ये पहिल्यांदा खरी वस्तू समोर आली आणि ती पुस्तकातल्यासारखी दिसेचना, कारण मी बसले होते बाजूला आणि पुस्तकातलं चित्र समोरून काढलेलं. सी ग्रेड आली. घरी कोणी काही बोललं नाही पण मला स्वतःला फार लागलं, कारण वर्गात सगळे मला चांगली चित्रं काढणारी मुलगी म्हणून ओळखायचे.

नववीला नवीन सर आले. पहिल्याच तासाला त्यांनी गाईडं दप्तरात टाकायला लावली आणि म्हणाले, उद्या येताना घरातून एकेक भांडं आणा, नवीन नको, वापरातलं आणा. मी आजीचा पितळी तांब्या नेला. त्याला पोटाच्या एका बाजूला पोचा आलेला, कधीतरी विहिरीच्या काठावर आपटला होता म्हणे.

आता जे सांगतेय ते नीट वाचा, कारण मला वाटतं सगळं इथेच आहे.

सरांनी तांब्या काठोकाठ पाण्याने भरला आणि माझ्या डोळ्यांसमोर धरला, काठ बरोबर डोळ्यांच्या लेव्हलला. म्हणाले काय दिसतं? काठाची नुसती एक आडवी रेघ दिसत होती, पाणी दिसतच नव्हतं. मग तांब्या हळूहळू खाली नेला. रेघ जराशी फुगली, चपटं लंबवर्तुळ झालं, पाण्याची एक चकचकीत पट्टी दिसायला लागली, अजून खाली नेला तसं ते लंबवर्तुळ उघडत गेलं आणि पार जमिनीवर ठेवून मी वरून वाकून बघितलं तेव्हा कुठे ते पूर्ण गोल झालं. मग सरांनी विचारलं, आता सांग, स्टुलावर ठेवला तर डोळ्यापासून जास्त खाली काय आहे, काठ का बूड? बूड. मग जास्त उघडं लंबवर्तुळ कुणाचं? बुडाचं. आणि मी वर्षभर बूड सपाट काढत होते, कारण तांब्या टेबलावर सपाट बसतो हे मला माहीत होतं. म्हणजे मी डोळ्यांना दिसत होतं ते काढतच नव्हते, मला माहीत होतं ते काढत होते. तोंड गोल असतं हे माहीत, म्हणून गोल काढलं. अंगावर काटा आला होता तेव्हा, खरंच सांगते.

मग पुढचे पंधरा दिवस फक्त लंबवर्तुळं. आधी उभी मध्यरेषा, तिला काटकोनात आडवी रेघ, मग हात खांद्यापासून फिरवत हलक्या एचबीने दोन-तीन वेळा फेरा मारायचा आणि त्यातला बरोबर वाटेल तो ठेवायचा. मनगटावर हात टेकून काढलं की लंबवर्तुळ वाकडं होतंच. आणि त्याची दोन्ही टोकं गोलसर आली पाहिजेत, आमच्या सगळ्यांची बदामासारखी टोकदार यायची. सर आतला न दिसणारा भागही काढायला लावायचे, म्हणजे बुडाची मागची बाजू सुद्धा, तांब्या काचेचा आहे असं समजून, नंतर ती रेघ पुसायची. त्याने बूड आणि काठ एकाच मध्यरेषेवर बसतात आणि तांब्या कलंडल्यासारखा दिसत नाही.

दुसरी गोष्ट मापाची. पेन्सिल धरून एक डोळा मिटून चित्रकार बघतात ते मी टीव्हीवर पाहिलेलं, मला वाटायचं ती नुसती स्टाईल असते. ते खरं माप असतं! हात पूर्ण ताठ, कोपर अजिबात वाकवायचं नाही, एक डोळा बंद, पेन्सिलीचं टोक पोटाच्या एका कडेला आणि अंगठा सरकवत दुसऱ्या कडेला, मग तेच माप तसंच उभं करून उंचीवर लावायचं. मी तांब्या नेहमी उंच काढायचे, सुरईसारखा, आणि मोजला तर पोटाची रुंदी आणि उंची जवळजवळ सारखीच निघाली. दोनदा मोजलं तरी विश्वास बसेना. कोपर जरा वाकलं की माप बदलतं, त्यामुळे सुरुवातीला प्रत्येक वेळी वेगळंच उत्तर यायचं आणि मी वैतागायचे, पण आठवडाभरात हाताला सवय झाली.

आणि तो पोचा. मी पहिल्या चित्रात तो काढलाच नाही, मला वाटलं चित्र सुंदर दिसायला पाहिजे ना. सरांनी कागद बघितला आणि म्हणाले, हा तांब्या कुणाचा? मी म्हटलं आजीचा. ते म्हणाले, नाही, हा दुकानातला आहे, आजीचा काढ. मग पोचा काढायला बसले तेव्हा कळलं की त्याला बाह्यरेषाच नाहीये. तो पोटाच्या कडेवर नव्हता, मधल्या भागात होता, फक्त उजेड तिथे वेगळा पडत होता, वरच्या कडेला अंधार आणि खालच्या कडेला एक बारीक चमक. रेघ मारून तो दाखवताच येत नव्हता, टोननेच, म्हणजे कमी-जास्त गडद छटांनी, दाखवायला लागत होता. सर म्हणायचे डोळे किलकिले करून बघ. केले की बारीकसारीक सगळं जातं आणि उजेड, मधला टोन, अंधार असे तीन-चार ठोकळे उरतात. ते आधी पकडायचे, मग 2बी, 4बी अशा जास्त गडद पेन्सिलींनी वाढवत जायचं, 6बी फक्त बुडाखाली, जिथे तांब्या स्टुलाला टेकतो तिथे, कारण पडछाया सगळ्यात गडद तिथेच असते. पितळेवर गडद आणि उजळ एकदम शेजारी येतात, शेजारी ठेवलेल्या मातीच्या मडक्यावर मात्र उजेड हळूहळू विरत जातो. आणि अंधाऱ्या बाजूच्या अगदी कडेला स्टुलावरून उलटून आलेला थोडा उजेड असतो, तो सोडला तरच पोट गोल दिसतं. आम्ही आधी बोटाने घासून शेडिंग गुळगुळीत करायचो, ते सरांनी पूर्ण बंद केलं, म्हणाले घासलं की पितळ, माती, कापड सगळं एकसारखं दिसतं.

स्मरणचित्रासाठी त्यांनी आम्हाला गुरुवारच्या बाजारात नेलं, कागद पेन्सिल न घेता. नुसतं बघायचं आणि शाळेत येऊन काढायचं. भाजीवाली बसते तेव्हा गुडघा कुठे येतो, तराजू धरलेला हात किती वर असतो. मला काहीच आठवेना, चिडचिड झाली, मग पुढच्या गुरुवारी मी एकाच बाईकडे दहा मिनिटं बघत उभी राहिले. ती पाठमोरी गाईडवाली बाई तेव्हा माझ्या चित्रातून गेली ती कायमची.

भूमिती आणि अक्षरलेखनाबद्दल फार काही सांगण्यासारखं नाही, कंपास चांगला घ्या, पेन्सिलीला टोक ठेवा आणि घनभूमितीची दृश्यं समजून काढा. संकल्पचित्रात, म्हणजे नक्षीच्या चित्रात, मी कायम बरी होते.

एलिमेंटरीनंतरची इंटरमिजिएट परीक्षा 2004 च्या सप्टेंबरला, दुसऱ्या शाळेत सेंटर, चार पेपर दोन दिवस. स्थिरचित्राला, म्हणजे समोर मांडलेल्या वस्तूंच्या रंगीत चित्राला, किटली, दोन वांगी, बाटली आणि मागे निळं कापड. मला जागा अशी आली की किटलीची चोच सरळ माझ्याकडे! चोच म्हणून काही दिसतच नव्हतं, पोटावर फक्त एक गोल भोक आणि त्याभोवती कडं. आदल्या वर्षी मी हमखास बाजूला वळलेली चोच काढली असती, किटलीला चोच असतेच म्हणून. पाच मिनिटं हातच चालेना, छाती धडधडत होती. मग मोजायला सुरुवात केली आणि दिसलं तेच काढलं, भोक आणि कडं. कापडाच्या चुण्या शेवटी घाईत झाल्या, रंग एके ठिकाणी ओलाच राहून पसरला, तीन तास कसे गेले कळलं नाही.

बी ग्रेड आली. आता इंटरमिजिएटच्या ग्रेडवर दहावीला जादा मार्क मिळतात, ए ला 7, बी ला 5, सी ला 3, त्यामुळे बरीच मुलं बसतात आणि चांगलंच आहे, पण मार्कांसाठी परत तीच पाठ केलेली चित्रं सुरू झालेली बघते तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं, कारण नववीतलं ते एक वर्ष मला कुठल्याच मार्कात मोजता येत नाही.

परीक्षेचा कागद परत मिळत नाही त्यामुळे ती किटली माझ्याकडे नाहीये. तांब्याचे सरावाचे कागद मात्र आईने गादीखाली जपून ठेवलेत, एकतीस आहेत, त्यातल्या दोनात पोचा नीट जमलाय. भाचीला मी फोनवर सगळं समजावून बघितलं पण फोनवर लंबवर्तुळ समजत नाही. शनिवारी ताईकडे जातेय, पिशवीत आजीचा तांब्या घेतलाय.