स्टेशनापासून गावापर्यंत

परवा दुपारी, माझी वामकुक्षीची वेळ नेमकी साधून, भाची लॅपटॉप घेऊन आली. येत्या मे महिन्यात ती एक मैत्रीण आणि पाठीवरची एक सॅक एवढ्याच परिवारानिशी जर्मनीतील जुनी गावे रेल्वेने पाहणार आहे, आणि ही भटकंती मी पूर्वी केलेली असल्यामुळे तिच्या बेतावर तिला माझी मोहोर हवी होती. बेत चांगलाच होता. नकाशावर गाड्यांचे मार्ग ठसठशीत रेघांनी दाखवलेले होते आणि प्रत्येक रेघेच्या टोकाशी, स्टेशनापासून मुक्कामाच्या जागेपर्यंत, निळ्या ठिपक्यांची एक बारीक रांग होती. चालत अठरा मिनिटे, चालत बावीस मिनिटे, असे त्या रांगेवर लिहिलेले होते. "मावशी, हे सगळं मी काढून टाकणार आहे. बस नाहीतर ट्राम असतेच की. पाठीवर ओझं घेऊन उगाच कोण चालणार?" असे म्हणून ती चहा ठेवायला आत गेली. मी ते ठिपके पाहत बसले, आणि त्या प्रवासातले जे काही माझ्याजवळ उरले आहे, त्यातले बरेचसे या ठिपक्यांवरचेच आहे असे वाटू लागले.

जुन्या जर्मन गावात रेल्वे सहसा गावात जात नाही, गावाच्या वेशीपर्यंत जाते. रूळ टाकायला माणसे आली तेव्हा गावे आपापल्या तटबंदीत दाटीवाटीने बसलेली होती, आत जागा नव्हती, आणि बाहेर शेते व बागा स्वस्तात मिळत होत्या. जर्मनीतील वाफेच्या इंजिनावर चालणारी पहिली गाडी ७ डिसेंबर १८३५ रोजी न्युर्नबर्गहून शेजारच्या फ्युर्थ गावी गेली. अंतर जेमतेम सहा किलोमीटर, इंजिनाचे नाव 'आडलर' म्हणजे गरुड, आणि ते चालवायला विल्यम विल्सन नावाचा माणूस खास इंग्लंडहून आणलेला. पुढच्या वर्षी या गाडीने पहिल्यांदा माल वाहिला तोही काय, तर बिअरची दोन पिंपे! पण मला कौतुक वाटते ते हे की ही पहिलीवहिली गाडीसुद्धा न्युर्नबर्गच्या तटाबाहेरूनच सुटत होती. पुढे देशभर तोच शिरस्ता पडला, आणि त्यामुळे आजही गाडीतून उतरलेल्या माणसाला जुन्या गावात शिरण्यासाठी दहा-वीस मिनिटांची एक पायपीट आयती मिळते.

या पायपिटीचे मला असलेले वेड जर्मनीत जडलेले नाही. माझे आजोळ नाशिकचे, आणि नाशिकची गाडी आपल्याला नाशिक रोडला उतरवते. गाव तिथून चांगले आठ-नऊ किलोमीटर. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुंबईहून आम्ही तिथे उतरलो की आई आधी आम्हा भावंडांना स्टेशनाबाहेरच्या नळावर नेत असे. तोंडे धुऊन होत, पिशवीतून फणी निघे, गाडीत विस्कटलेल्या माझ्या वेण्या पुन्हा घातल्या जात आणि त्या घालता घालताच "मामीकडे काही मागायचं नाही, वाढेल ते खायचं" ही दरवर्षीची ताकीद मिळे. मग टांगा. न्यायला आलेला मामा टांगेवाल्याशेजारी बसे आणि इथेच नोटा छापतात बरे का, असे मागे वळून सांगे. मी त्या छापखान्याच्या दिशेने, एखादी तरी नोट वाऱ्याने उडून येईल या आशेने, मान दुखेपर्यंत पाहत राही. गाडीत मुकाट बसलेली आई टांग्यात हळूहळू बोलू लागे. हे अमक्यांचे घर, इथली चिंच आम्ही पाडायचो, या वळणावर दादाची सायकल घसरली होती, असे करता करता गोदावरीचा पूल येईपर्यंत तिचा आवाजच बदललेला असे. चाळीतल्या आमच्या दोन खोल्यांत तो मोकळा आवाज मी कधी ऐकला नाही. गाडी थेट आजीच्या दारात थांबली असती, तर आईला माहेरची मुलगी व्हायला वेळच मिळाला नसता.

तेव्हा स्टेशनापासून गावापर्यंत चालत जायचे, हा मी त्या प्रवासात पाळलेला एकमेव नियम होता. एरवी सगळा कारभार सैल होता. प्रादेशिक गाड्यांना देशभर चालणारे एक मासिक तिकीट तिथे २०२३ च्या मे महिन्यापासून मिळते; तेव्हा ते ४९ युरोंना होते, आता वाढत वाढत ६३ युरोंवर गेले आहे, पण सॅकवाल्यांसाठी अजूनही त्याच्याइतके सोयीचे दुसरे काही नाही. जलद गाड्यांना ते चालत नाही, आणि तेच त्याचे सुख आहे. बारीकसारीक स्टेशनांवर थांबत जाणारी गाडी, दाराशी सायकली धरून उभी असलेली माणसे, दार उघडण्यासाठी आपणच दाबायचे बटण, आणि फलाटावर जाता-येता कुठेही न दिसणारे तिकीट तपासण्याचे फाटक. उतरल्यावर सॅक ठेवायला स्टेशनात लॉकर असतात. तेही मी सहसा वापरले नाहीत. ओझे पाठीवर असले की माणूस हळू चालतो, आणि दुकानांच्या पाट्या सावकाश वाचतो.

बांबेर्गचा रस्ता मला सर्वांत अधिक आवडतो. तिथे रेल्वे १८४४ मध्ये आली आणि स्टेशन गावाच्या ईशान्येला पडले. बाहेर पडल्यावर प्रथम जे लागते ते कोणत्याही स्टेशनासमोर लागते तेच असते: कबाबचे दुकान, मोबाइल दुरुस्ती, पावाची बेकरी, सिगारेट ओढत उभी असलेली दोन मुले. पण डाव्या-उजव्या गल्ल्यांत थोडे डोकावले की एकमेकींना चिकटलेल्या बैठ्या घरांच्या रांगा आणि त्यांना गाडी आत जाईल एवढे दरवाजे दिसतात, आणि एखादा दरवाजा उघडा असला तर त्याच्यामागे, भर शहरात, भाजीचे वाफे. हा माळ्यांचा मोहल्ला. १९९३ मध्ये बांबेर्गचे जुने शहर जागतिक वारशाच्या यादीत गेले ते या वाफ्यांसकट गेले. इथे पूर्वी ज्येष्ठमध मोठ्या प्रमाणावर पिकत असे, आणि कांदा तर इतका, की पात आडवी करण्यासाठी ती पायांनी तुडवण्याच्या पद्धतीवरून गावकऱ्यांना 'कांदे तुडवणारे' असे टोपणनावच पडले आहे. नाशिकचे आजोळ असलेल्या बाईला यापुढे चर्च आणि राजवाडे कोण दाखवणार?

तरी ते दिसतातच. कालव्यावरचा पूल ओलांडला की बाजाराचे बेट, भाजीवाल्यांच्या छत्र्या, आणि मग रेग्नित्स नदीच्या मधोमध, पुलावर उभी असलेली जुनी नगरसभेची इमारत. बिशपने नागरिकांना आपल्या मालकीच्या जमिनीचा एक वीतभर तुकडाही देण्याचे नाकारले, तेव्हा त्यांनी नदीतच खांब ठोकून बेट तयार केले आणि त्यावर आपली कचेरी बांधली, अशी दंतकथा आहे. खरी असो वा नसो, कथेमागचा चिवटपणा ओळखीचा वाटतो. पलीकडे चढावर कॅथेड्रल. इथली बिशपची गादी सम्राट दुसऱ्या हाइनरिखने १००७ मध्ये स्थापन केली. म्हणजे अर्ध्या तासात एकोणिसाव्या शतकातून निघून अकराव्यात पोचायचे, आणि वाटेत कांदे. बसने गेलेला माणूस थेट कॅथेड्रलपाशी उतरतो आणि वर मान करून फोटो काढतो. त्याचे मी काही बोलत नाही.

रोथेनबुर्गला जायचे तर श्टायनाख नावाच्या आडगावी गाडी बदलावी लागते. छोटी गाडी गावाच्या पूर्वेला सोडते आणि तिथून दहा मिनिटांत आपण वेशीत असतो. लाकडी चौकटींची घरे, तटावरची छपराखालची वाट, बुरूज; सगळे मध्ययुगातून उचलून आणल्यासारखे. पण ३१ मार्च १९४५ रोजी बाँब पडले ते प्रामुख्याने याच पूर्व भागावर, आणि स्टेशनाकडून येणारा माणूस प्रथम ज्या गल्ल्यांतून जातो त्यांतल्या पुष्कळ युद्धानंतर पुन्हा उभ्या केलेल्या आहेत. तटावर चढले की भिंतीत बसवलेल्या दगडांवर देणगीदारांची नावे दिसतात. जगभरातल्या माणसांनी तटाचे तुकडे दुरुस्त करण्यासाठी पैसे दिले. मी ती नावे बराच वेळ वाचत गेले. आपल्याकडे देवळाच्या पायऱ्यांवर अशी नावे वाचण्याची मला सवय आहे, त्यामुळे तिथे परके असे वाटले नाही.

रेगेन्सबुर्गमध्ये स्टेशनाच्या समोरच थुर्न उंड टाक्सिस घराण्याच्या राजवाड्याचा बगीचा लागतो. या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या साम्राज्याची टपालसेवा चालवली, घोड्यांवर आणि गाड्यांवर पत्रे वाहून संपत्ती जमवली, आणि १८६७ मध्ये प्रशियाने त्यांच्याकडून टपालाचा उरलासुरला कारभार विकत घेतला. ज्या आगगाडीने टपालाच्या घोड्यांचा जमाना संपवला, ती त्यांच्या बागेच्या पलीकडे शिट्या देत उभी राहते. डॅन्यूबवरचा बाराव्या शतकातला दगडी पूल पाहायला मी निघाले होते आणि पाहिलाही. पण आठवते ती बागच. ल्युबेकमध्ये मात्र रेल्वेने अधिक हक्क गाजवला. तिथे गावात शिरताना जे दोन जाड बुरुजांचे, दलदलीत खचून कललेले होल्स्टेन दार दिसते, त्याच्याही बाहेर एक दुसरे देखणे दार होते. ते १८५३ मध्ये रेल्वेसाठी पाडले. १८६३ मध्ये उरलेले दारही पाडायचे की राखायचे यावर मतदान झाले, आणि ते एका मताने वाचले. आज त्याची चित्रे बदामाच्या मिठाईच्या डब्यांवर असतात.

हायडेलबर्गवर माझा थोडा राग आहे. तिथले स्टेशन जुन्या गावाच्या अगदी कडेला होते; १९५५ मध्ये ते उचलून पश्चिमेला नेले. आता गावापर्यंत अर्ध्या तासाहून अधिक चालावे लागते, आणि वाटेत पाहण्यासारखे फारसे काही नाही. नियम म्हणून मी तेही चालले. ट्राम शेजारून जात होती.

ग्योटिंगेनला मी एका माणसासाठी उतरले. फ्रान्त्स किलहॉर्न हे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक होते, १८६६ ते १८८१. पतंजलींच्या महाभाष्याची त्यांनी सिद्ध केलेली आवृत्ती मुंबईतून निघाली, आणि पुण्याहून गेल्यावर ते ग्योटिंगेनच्या विद्यापीठात शिकवू लागले, ते १९०८ मध्ये मृत्यू येईपर्यंत. १८८५ मध्ये रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना त्याच विद्यापीठाने सन्मान्य डॉक्टरेट दिली. पुणे स्टेशनापासून येरवड्याच्या कॉलेजापर्यंतचा रस्ता ज्याने इतकी वर्षे तुडवला, त्याला इथे पाच-सात मिनिटांत गाव लागते हे चुकल्यासारखे वाटले असेल का, असला निरर्थक प्रश्न मनात घोळवत मी गावात गेले, सफरचंदाचा केक खाल्ला आणि पुढची गाडी पकडली. स्मारक वगैरे काही शोधले नाही.

वायमारला स्टेशन गावाच्या उत्तरेला आहे. १८४६ मध्ये रेल्वे आली तेव्हा गटे जाऊन चौदा वर्षे झाली होती, त्यामुळे या रस्त्याने तो कधी चालला नसणार. रस्ता सुरेख आहे, सरळ, उताराचा, दुतर्फा झाडे आणि उंच घरे. गटे-शिलरच्या गावात शिरायला तो शोभणारा आहे असे मनात येते न येते, तोच खाली, स्टेशन आणि गाव यांच्या बरोबर मध्ये, नाझी राजवटीने १९३७ पासून उभारलेल्या अवाढव्य इमारतींचा चौक येतो. त्यातल्या काहींत आता सरकारी कचेऱ्या आहेत, एकीत बाजारसंकुल आहे, आणि एकीत सक्तीच्या मजुरीचे संग्रहालय. आपण अंग चोरून त्यांच्या बाजूने जातो आणि मग गाव लागते.

त्या स्टेशनापासून दुसरा रस्ता वायव्येला, एटर्सबेर्ग टेकडीकडे जातो. १९३७ च्या जुलैमध्ये तिथे बुखेनवाल्डची छळछावणी सुरू झाली. छावणीपर्यंत रूळ टाकले गेले ते १९४३ मध्ये, कैद्यांकडूनच. तोपर्यंत माणसे याच स्टेशनावर उतरवली जात आणि तिथून वर नेली जात, काही ट्रकमधून, काही चालवत. १९३८ च्या नोव्हेंबरात अवघ्या काही दिवसांत जवळपास दहा हजार ज्यू पुरुष इथे आणले गेले. त्या छावणीत सुमारे ५६,००० माणसे मेली. स्टेशनासमोरच्या घरांना खिडक्या तेव्हाही होत्या.

टेकडीवर जाणारी बस स्टेशनावरूनच मिळते. अंतर आठ-दहा किलोमीटर, म्हणजे नाशिक रोडपासून आजोळ होते साधारण तेवढेच, आणि चालत जाता आले असते. शेवटचा भाग कैद्यांकडून बांधून घेतलेला रस्ता आहे, तोही अजून शाबूत आहे. पण ज्या वाटेने माणसांना हाकत नेले, त्या वाटेने पाठीवर सॅक अडकवून हौसेने चालायला माझे पाय तयार झाले नाहीत. मी बसने गेले.