बंद कुठून करायचं?

"ते सगळं झकास आहे गं, पण हे बंद कुठून करायचं?" रविवारी दुपारी आमच्या सोसायटीच्या खजिनदारांनी विचारलं. उत्तर मला येत होतं, पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला, वरणभातानं डोळे जड झालेले असताना, सांगण्याजोगं ते नव्हतं.

ठाण्याच्या पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीत मेंटेनन्सच्या पावत्या कालपरवापर्यंत कार्बन पेपर घालून हातानं फाडल्या जात. म्हणून मी पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत, फ्लास्क हे वेब-ॲप बांधायचं साधन वापरून, एक लहानसं ॲप करून खजिनदारांच्या विंडोज कॉम्प्युटरवर टाकलं. आयकॉनवर दोनदा टिचकी मारली की एक काळी खिडकी उघडते, ब्राउझरमध्ये पान येतं, फ्लॅटचा नंबर टाकला की पावती तयार. ब्राउझरला पान पुरवणारा प्रोग्राम, म्हणजे सर्व्हर, त्या काळ्या खिडकीत चालतो. तिथे लाल अक्षरांत ताकीद येते: हा डेव्हलपमेंट सर्व्हर आहे, खऱ्या कामाला वापरू नका. त्याखाली, बंद करायला कंट्रोल-सी दाबा. खजिनदारांच्या वहीत लाल शाई फक्त थकबाकीदारांसाठी असते. त्यामुळे ती खिडकी दिसली रे दिसली की ते ती खाली सारतात आणि काम झालं की ब्राउझर मिटून चहाला उठतात.

ब्राउझर मिटल्यानं सर्व्हरला काही होत नाही. तो १२७.०.०.१ वर, म्हणजे त्याच कॉम्प्युटरच्या स्वतःच्या पत्त्यावर, ५००० नंबरच्या पोर्टवर, म्हणजे दारावर, कुणी येईल म्हणून कान देऊन बसलेलाच. पुढच्या वेळी आणखी एक काळी खिडकी. मी गेले तेव्हा स्क्रीनच्या तळाशी त्यांची रांगच लागली होती. त्यांना त्याचं काही नव्हतं, पण मला हे बघवत नाही. मी रात्री गिझरचं बटण बघते, मग गॅसचा रेग्युलेटर, मग पुन्हा गिझर. घरचे हसतात. हसोत.

म्हटलं, पानावरच एक 'बंद करा' बटण देऊ. चहा उकळेपर्यंतचं काम.

पूर्वी ते खरंच तेवढंच होतं. फ्लास्क ज्याच्या जोरावर चालतं त्या वर्कझोइगमध्ये यासाठी एक सोय होती. ब्राउझरकडून आलेल्या मागणीच्या, म्हणजे रिक्वेस्टच्या, सोबतच्या माहितीत शटडाउनचं एक फंक्शन मिळायचं, ते चालवलं की सर्व्हर मुकाट थांबायचा. २०२१ साली २.० आवृत्तीत 'हे जाणार आहे' अशी सूचना आली आणि २०२२ मध्ये २.१ आवृत्तीत ते गेलं. त्यांच्यावर रागवण्यात अर्थ नाही. डेव्हलपमेंट सर्व्हर म्हणजे समोर प्रोग्रामर बसलेला, त्याला कंट्रोल-सी ठाऊक असलेलं. समोर सोसायटीचे खजिनदार बसतील हे त्या लोकांना कुठून कळणार?

मग सरळ एक्झिट म्हणून बघावं, तर तेही ऐकत नाही. फ्लास्क प्रत्येक रिक्वेस्ट वेगळ्या थ्रेडमध्ये, म्हणजे प्रोग्राममधल्या कामाच्या स्वतंत्र धाग्यात, हाताळतं. तुम्ही एक्झिट म्हणालात की तेवढा एक थ्रेड निमूटपणे संपतो, ब्राउझरला उत्तर मिळत नाही आणि सर्व्हर आपला ठणठणीत. प्रोसेसनं, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामनं, स्वतःलाच थांबण्याचा सिग्नल पाठवावा, तर लिनक्सवर ते नीट होतं, कारण कंट्रोल-सी दाबल्यावर जे घडतं तेच तिथे घडतं. विंडोजवर मात्र सिग्नल पाठवणारं पायथनचं किल फंक्शन तोच सिग्नल देऊनही प्रोसेस जागच्या जागी ठार करतं. आवरासावर करायला क्षणभरही नाही. पावत्यांची फाइल अर्धी लिहून झालेली असताना मला तो धोका नको होता.

राहिला सभ्य मार्ग. सर्व्हर आपणच हातानं उभा करायचा आणि थांबवायचा तेव्हा त्याचं शटडाउन बोलवायचं. पण असा उभा केलेला सर्व्हर मुळात एकाच थ्रेडवर चालतो, आणि शटडाउन जर त्या पानाच्या आतूनच बोलवलं तर सगळंच गोठतं. शटडाउन म्हणतं, सर्व्हरचा फेरा, म्हणजे नवी रिक्वेस्ट आलीय का हे पुन्हा पुन्हा बघणं, थांबल्याशिवाय मी परत येणार नाही. फेरा म्हणतो, हातातल्या रिक्वेस्टचं उत्तर गेल्याशिवाय मी थांबणार नाही. आणि रिक्वेस्ट बसलीय शटडाउन परत येण्याची वाट बघत.

याला डेडलॉक म्हणतात हे मी कॉलेजात शिकले, पण पाहिलं होतं त्याच्या कितीतरी आधी, नौपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत. डोंबिवलीचे मामा रविवारी यायचे. रात्री जेवणं झाली, सुपारी कातरून झाली की ते मांडीवर थाप मारून म्हणायचे, "चला, निघतो आता." आणि कुणीच हलायचं नाही. बाबांना वाटायचं, लगेच 'बरं' म्हटलं तर पाहुण्याला घालवल्यासारखं दिसेल, म्हणून ते नवा विषय काढायचे. मामांना वाटायचं, यजमान बोलत असताना उठलो तर कंटाळल्यासारखं दिसेल, म्हणून ते टेकायचे. मग लोकलची गर्दी, गडकरीला लागलेलं नाटक, कुणाच्या तरी मुलीचं जमलेलं आणि पुढे फिस्कटलेलं लग्न. दोघांच्याही डोळ्यांवर झापड. चपला पायांत सरकवून झाल्या तरी उंबऱ्याशी दुसरा अंक व्हायचा, आई दाराची कडी धरून उभी, मी भिंतीला टेकून उभ्याउभ्या पेंगतेय.

सुटका आतल्या खोलीतून व्हायची. आजी कुणाकडेही न बघता, अंथरूण घालता घालता विचारायची, "उद्या पहिली पाळी ना रे तुझी?" बाबा वागळे इस्टेटमध्ये कामाला होते. बाबा काही बोलायचे नाहीत, पण ते वाक्य मामांच्या कानावर पडलेलं असायचं. चालू गोष्ट मात्र ते अर्धवट टाकायचे नाहीत. ती संपवायचे, मग घड्याळाकडे बघून "अरे बाप रे" म्हणायचे आणि खरोखरच जिना उतरायला लागायचे. आईबाबा दोघांनाही हे कधी जमलं नाही. आजी त्या गप्पांत नव्हती, म्हणून तिला जमायचं.

खजिनदारांच्या ॲपमध्ये आता तेच आहे. बटण दाबलं की पान स्वतः काही थांबवत नाही, एक वेगळा थ्रेड सुरू करून शटडाउनचं काम त्याच्यावर सोपवतं आणि 'सर्व्हर बंद होत आहे, धन्यवाद' एवढं उत्तर देऊन मोकळं होतं. 'धन्यवाद' खजिनदारांच्या आग्रहाखातर. थांबायची खूण झालीय का, हे सर्व्हरचा फेरा रिकामा असला तरी दर अर्ध्या सेकंदाला बघत असतो. हातातलं उत्तर पोचवून झालं की ती खूण बघतो आणि उठतो. मामांना अर्धा तास लागायचा.

पहिल्या पाळीचं ते वाक्य आजीला पुढे फार वर्षं वापरता आलं नाही. बाबा एका सकाळी डबा घेऊन गेले तर कंपनीच्या गेटला टाळं होतं आणि टाळ्याशेजारी टाइप केलेला कागद. आदल्या दिवशी मशीनवर लावलेला जॉब तसाच अर्धवट अडकून राहिला, हे ते भेटेल त्याला सांगायचे, पगार बुडाल्याचं त्यानंतर. कामगारांनी दावा लावला. ग्रॅच्युइटीचे पैसे हातात पडले तोवर मी नोकरीला लागले होते.