तिसऱ्या रांगेतला माणूस

शनिवारी दुपारी तीनच्या सुमाराला सलूनमध्ये कुणी नसतं, अशी माझी पक्की समजूत आहे आणि गेली कित्येक वर्षं ती दर महिन्याला खोटी ठरते. परवाही माझ्या आधी दोघं होते. एकाच्या गालांना फेस लागलेला, दुसरा आदल्या दिवशीचा पेपर चाळत बसलेला. कात्री चालवणारा पोरगा विशीचा असेल. आरशाखालच्या फळीवर पावडरचा डबा आणि तुरटी यांच्या मधोमध त्याने मोबाईल टेकवून ठेवला होता. आवाज अगदी बारीक. तरी ती घंटा मी बाकावरून ओळखली.

टण्ण. मग अंधार. मग निळा उजेड, आणि धुरातून चालत येणारी ती काळी हॅट.

‘‘काका, तुम्ही पण बघायचा का?’’

‘काका’कडे मी हल्ली दुर्लक्ष करतो. म्हटलं, हे ‘रॉ’ला, त्या अमेरिकन कुस्तीच्या कार्यक्रमाला, पंचवीस वर्षं झाली तेव्हाचं दिसतंय, 2018 चं. पोरगा चमकला. त्याला वाटलं मी त्या हॅटवाल्या पैलवानाच्या, अंडरटेकरच्या, दाढीवरून ओळखलं. मी ओळखलं ते हॉलवरून. मॅनहॅटन सेंटर. न्यूयॉर्कच्या चौतिसाव्या रस्त्यावरची ऑपेरासाठी 1906 साली बांधलेली इमारत. बाकीच्या स्टेडियमच्या मानाने इवलासा हॉल. तिथे 11 जानेवारी 1993 ला ‘रॉ’चा पहिला भाग झाला आणि शेवटची कुस्ती अंडरटेकरचीच होती. म्हणून पंचविशीला त्याला पुन्हा तिथेच आणलेला.

खरं तर मी अंडरटेकरकडे बघतच नव्हतो. मी बघत होतो तिसऱ्या रांगेतल्या एका माणसाकडे.

ही माझी जुनी खोड आहे. कुस्ती असो, क्रिकेट असो, माझी नजर खेळणाऱ्यांवर ठरत नाही. ती बघणाऱ्यांकडे जाते. लग्नात मंगलाष्टकं चालू असताना सगळे अंतरपाटाकडे बघतात आणि मी बघतो की दुसऱ्या कडव्यालाच कुणाच्या मुठीतल्या अक्षता संपल्या आणि जेवणाच्या हॉलचं दार उघडलं का हे कोण हळूच बघतंय. बायको म्हणते हा आगाऊपणा आहे. असेल. पण त्याला कारण आहे, आणि ते कारण मिरजेतल्या एका खिडकीत आहे.

आमच्या वाड्यात केबल फक्त घरमालकांकडे. टीव्ही ठेवलेला खिडकीच्या अगदी शेजारी, भिंतीला पाठ लावून. आत जायची मुभा मोठ्यांना आणि मालकांच्या पोरांना. आम्ही बाकीचे बाहेर, गजांना धरून. आता टीव्ही खिडकीशेजारी म्हटल्यावर खिडकीतून दिसणार काय? टीव्हीची कड, वर ठेवलेला क्रोशाचा रुमाल, आणि समोर बसलेल्या माणसांची निळी-पांढरी तोंडं. मान गजात घालून वाकडी केली तर पडद्याचा बोटभर तुकडा दिसायचा. त्यात कधी एखादी दंडाची बेटकुळी, कधी पंचांचा पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट. बाकी सगळी कुस्ती मी आजीच्या चेहऱ्यावर बघितली.

आजीला वयाच्या कोट्यातून आत खुर्ची होती. मांडीवर परात, परातीत निवडायचे तांदूळ. हात चालू, डोळे पडद्यावर. कुणी कुणाला खुर्ची मारली की तिचा हात परातीतच थांबायचा. कुणी मागून दबकत यायला लागला की ती ओरडायची, ‘‘अरे मागं बघ, मागं! मेल्याला कळंना कसं!’’ मला कळायचं की कुणीतरी मागून आला. कोण आला ते मालकांच्या पोरांना विचारावं लागे, आणि ती पोरं त्या माहितीचे भाव लावायची. एका नावाला पैलवानांची दोन ट्रम्प कार्ड. एकदा योकोझुना द्यावा लागला होता मला, तोही वजनाला कुणालाच हार न जाणारा. ते अजून लागलेलं आहे.

आजीचं खरं वैर होतं पॉल बेअररशी. तो गुबगुबीत, पांढराफटक, हातात कायम तो कलश घेऊन अंडरटेकरच्या पुढे चालणारा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिने विचारलं, ‘‘त्या जाड्याच्या हातात काय रे?’’

‘‘अस्थी आहेत म्हणे, आजी.’’

‘‘मग विसर्जन नको करायला? जत्रेत घेऊन काय हिंडतोय!’’

त्यानंतर दर आठवड्याला कलश दिसला की तिचा जीव खालीवर व्हायचा. अंडरटेकर जिंकला, हरला, शवपेटीत घालून नेला, तिला काही वाटायचं नाही. अस्थी राहिल्या हे तिला लागायचं. पुढे कधीतरी वाचलं की तो माणूस खऱ्या आयुष्यातही अंत्यविधीच्या धंद्यातलाच, त्याचा रीतसर परवाना असलेला. हे आजीला सांगायला हवं होतं. ती म्हणाली असती, मग तर त्याला कळायलाच पाहिजे.

आणि दिवे. अंडरटेकर यायच्या आधी तिकडचे दिवे जायचे. आमच्या वाड्यात नेमके कधीकधी त्याच वेळी इकडचे जायचे. घंटा झाली, पडदा काळा झाला, सगळे श्वास रोखून बसलेले, आणि मिनिटभराने कुणाच्या तरी लक्षात यायचं की पंखाही बंद आहे. त्या एका मिनिटाएवढी भीती मला पुढे कुठल्याच सिनेमात वाटली नाही. गल्लीतला एक मुलगा तर शपथेवर सांगायचा की अंडरटेकरनेच मिरजेची लाईट घालवली.

अंडरटेकरला सात जन्म आहेत हेही आम्हाला ठाऊक होतं. अक्षय कुमारने 1996 च्या सिनेमात त्याला उचलून आपटलं तेव्हा वाड्यात दोन तट पडले होते. तो खरा अंडरटेकर नव्हताच, ब्रायन ली नावाचा दुसरा पैलवान होता, हे फार उशिरा कळलं. गंमत म्हणजे याच ब्रायन लीला 1994 च्या समरस्लॅम नावाच्या मोठ्या कार्यक्रमात तोतया अंडरटेकर म्हणून खऱ्यासमोर उभा केला होता. म्हणजे तिकडचा खराही सोंगातला, त्याचा हा तोतया, आणि आम्ही त्याच्यावरून एकमेकांच्या कॉलरी धरलेल्या.

आजोबा या कशात नव्हते. मालकांच्या दारावरून जाताना ते एकच शब्द टाकून पुढे जायचे. ‘‘नुरा.’’ म्हणजे आधीच ठरवून केलेली कुस्ती.

त्यांचं सगळं तारुण्य खासबागेत गेलं होतं. मलाही त्यांनी एकदा नेलं. शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1912 साली बांधून घेतलेलं ते मैदान, मध्ये खोलगट हौदा आणि भोवती चढत गेलेली बैठक. आजोबांनी मला सगळ्यात वर, अगदी कडेला बसवलं आणि म्हणाले, ‘‘दिसतंय का?’’ दिसत होतं. पुढच्या माणसाचा फेटा आड येत नव्हता. गजाशिवाय काही बघायची माझी ती पहिलीच वेळ. हलगी कडाडत होती. मातीला हळदीचा, तेलाचा, घामाचा मिळून एक वास होता. शेवटच्या जोडीला दोन्ही पैलवान नुसते खडाखडी करत राहिले. हात झटकायचे, मान दाबायची, पुन्हा लांब व्हायचं. दहा मिनिटं, वीस मिनिटं. मैदान आधी कुजबुजलं, मग शिट्ट्या, मग एकजण उभा राहून ओरडला, ‘‘लावा रं कुस्ती, का च्या मागवू?’’ सगळं मैदान हसलं. आजोबा हसले नाहीत. कुस्ती बरोबरीत सोडवली. परतीच्या एसटीत ते हातकणंगल्यापर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, ‘‘लोकं येडी नसतात.’’

तर तो तिसऱ्या रांगेतला माणूस.

पार्श्वभूमी थोडी सांगावी लागेल. 2017 च्या एप्रिलमध्ये रेसलमेनियात, म्हणजे त्यांच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या जत्रेत, रोमन रेन्स या पैलवानाकडून हरल्यावर अंडरटेकरने हातमोजे काढले, कोट काढला, हॅट काढली, सगळं रिंगच्या मधोमध ठेवलं आणि निघून गेला. मोठमोठे बाप्ये रडले. त्यानंतर तो थेट उगवला तो या 22 जानेवारी 2018 च्या रात्री, पुन्हा तोच कोट आणि तीच हॅट घालून. म्हणजे आता काय ते सांगणार, निवृत्त आहे की नाही. लोक उभे. आणि त्याने काय केलं? जुन्या प्रतिस्पर्ध्यांची नावं घेतली, त्यांच्या आत्म्याला शांती चिंतली, डोळे पांढरे केले आणि परत गेला. बस. आमच्याकडे सत्काराला उत्तर देताना ज्येष्ठ मंडळी बोलतात त्यातलाच प्रकार. टाळी कुठे वाजवायची तेच कळत नाही.

ती संध्याकाळ दोन ठिकाणी वाटलेली होती. एक हे मॅनहॅटन सेंटर आणि दुसरं नदीपलीकडे ब्रुकलिनचं बार्कलेज सेंटर. स्टोन कोल्ड हा जुना पैलवान येऊन कंपनीच्या सर्वेसर्वा विन्स मॅकमॅनला आडवा करतो, ते ब्रुकलिनला. मिझ नावाचा पैलवान रोमन रेन्सकडून विजेतेपदाचा पट्टा घेतो, ते ब्रुकलिनला. मॅनहॅटनच्या वाट्याला अंडरटेकरचं ते गूढ भाषण, एखाददुसरी लढत, डीएक्स या पैलवानांच्या टोळीतली जुनी मंडळी, आणि उरलेला वेळ पडदा. भरमसाट पैसे मोजून, थंडीत रांगा लावून, पंचवीस वर्षांपूर्वीच्या त्याच वास्तूत आलेली माणसं, तो तिसऱ्या रांगेतला धरून, ब्रुकलिनमध्ये काय चाललंय ते पडद्यावर बघत बसली. मग हुर्यो सुरू झाली. मग एका सुरात ‘पैसे परत द्या’. मला तेव्हा आजोबांची एसटी आठवली होती. सगळं ठरवून असतं हे त्या हॉलमधल्या एकूण एक माणसाला ठाऊक होतं. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हतीच. नुरा तर नुरा, पण आमच्यासमोर करा.

मी मात्र त्यांच्या बाजूने पूर्ण उभा राहू शकत नाही. आत बसून पडदा दिसत होता त्यांना. पूर्ण.

वाढदिवस हा एकूणच या कार्यक्रमाचा घातवार. हजारावा भाग झाला 23 जुलै 2012 ला, सेंट लुईसमध्ये. त्या रात्री सीएम पंक या पैलवानाने रॉक या दुसऱ्या पैलवानाला झोपवलं आणि लोकांना कळेना आपण आनंदाने ओरडावं की रागाने. दोन्ही ओरडले. पण खरी गोम वेगळी होती. त्या दिवसापासून दोन तासांचा कार्यक्रम तीन तासांचा झाला, आणि ‘लांबतंय, लांबतंय’ हे पालुपद पुढची कित्येक वर्षं चालू राहिलं. वाढदिवसाला मोठा केक आणला म्हणून दर सोमवारी तेवढाच खायला लावायचा, असं झालं ते. पंचविशीला मंचावर मिरवलेल्यांपैकी केन त्याच वर्षी टेनेसीतल्या नॉक्स काउंटीचा महापौर म्हणून निवडून आला. आमच्या कार्डातला, अंडरटेकरचा भाऊ, मुखवट्यातला केन. पाणीपट्टीवर सह्या करत बसला असेल.

एक दृश्य मात्र मला नीट बघवलं नव्हतं. 6 जानेवारी 2025, ‘रॉ’ नेटफ्लिक्सवर आला तो पहिला दिवस, लॉस एंजेलिसजवळचं नवंकोरं स्टेडियम. हल्क होगन आला. पिवळ्या मिशा, कपाळाला फडकं. ज्याच्यासाठी एके काळी गर्दीचे घसे बसायचे, त्याच्यावर लोकांनी अशी हुर्यो उडवली की तो काय बोलतोय ते ऐकू येईना. त्याने पूर्वी बोललेली वर्णद्वेषी वाक्यं लोक विसरले नव्हते आणि त्यांनी विसरावीत असं माझंही म्हणणं नाही. मी त्या दिवशीही गर्दीकडेच बघत होतो. ओरडणाऱ्यांत माझ्या वयाचे पुष्कळ होते. त्यातल्या किती जणांच्या घरी लहानपणीची पिवळी-लाल बनियन असेल, हे डोक्यातून जाईना. सात महिने नाही झाले, जुलैत तो गेला. मग रिवाजाप्रमाणे दहा वेळा घंटा वाजली.

पुढे आमच्याकडे स्वतःचा टीव्ही आला. समोरच्या भिंतीला, सगळ्यांना दिसेल असा. मी आजीच्या शेजारी बसून तिच्याइतकीच अख्खी कुस्ती बघायला लागलो. ‘‘मागं बघ’’ ऐकू यायचं, पण तोवर मलाही मागचा दिसलेला असायचा. तिचा चेहरा त्यानंतर मी कुस्ती चालू असताना एकदाही बघितला नाही. शेजारी बसलेल्याचा दिसत नाही ना.

‘‘काका, बसा.’’

खुर्चीत बसलो. पोराने कापड झटकलं, गळ्याशी खोचलं, पाण्याचा फवारा मारला. मोबाईल तिथेच, डब्याला टेकलेला. आता दुसरी कसलीतरी कुस्ती लागली होती. खुर्चीवरून मला आरशात फक्त त्याचं तोंड दिसत होतं, त्याच्यावर हलणारा निळसर उजेड. डाव्या बाजूचे केस झाले. उजव्या कानाशी आला तेव्हा पडद्यात काहीतरी झालं असावं, कारण त्याचे डोळे हळूहळू मोठे होत गेले, तोंड थोडं उघडं राहिलं, आणि कात्री माझ्या कानाच्या पाळीला लागून जागच्या जागी थांबली.

मी मान हलवली नाही. मागून कोण आला असेल, एवढंच त्याच्या तोंडावरून ओळखायचा प्रयत्न करत राहिलो.