आमची वाटचाल : नुसती धार बघून निदान करू नका

मालवणात ओबीएमची, म्हणजे बोटीच्या मागे टांगायच्या मशिनांची कामं घ्यायला लागलो तेव्हा दुकान म्हणजे बंदराच्या रस्त्यावरची पत्र्याची शेड, दोनशे लिटरचं एक पिंप आणि मेव्हण्याने मुंबईहून आणलेला सॉकेट सेट. पहिली गिऱ्हाइकं न्हयवाले मच्छीमार, सगळ्यांकडे चाळीस हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक मशीन. पुढे तारकर्ली-देवबागला पर्यटन वाढलं, फोर-स्ट्रोक आले, शेडची भिंत पक्की झाली. त्या वर्षांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. हप्ते वेळेवर गेले, एवढंच.

लिहायचंय ते २०२१ च्या हंगामाबद्दल, कारण बंदरावर त्याविषयी अजून उलटसुलट बोललं जातं.

१६ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं. होड्या एकमेकींवर आपटल्या, कितीतरी जणांचे तळ फुटले. आधीच्या वर्षी कोविडने पर्यटन झोपवलेलं, त्यात हे. पावसाळाभर जिथे बघावं तिथे फायबरचा वास. एका मोठ्या पर्यटन व्यावसायिकाने आपल्या सगळ्या बोटींची मशिनं आमच्याकडे टाकली. आम्ही प्रत्येकाचा इम्पेलर (थंड करायचं पाणी ओढणाऱ्या पंपाचं रबरी चक्र), त्याची वेअर प्लेट आणि थर्मोस्टॅट (ठराविक तापमानाला उघडणारी पाण्याची झडप) बदलला, पाण्याच्या पिंपात चालवून हेडचं तापमान कार्डावर लिहून दिलं. ती कार्डं आजही फाइलला आहेत, कोणालाही दाखवतो.

हंगाम सुरू झाला आणि मशीन तापल्याचे बझर वाजायला लागले. हळू चालवलं तर काही नाही. पर्यटक भरून डॉल्फिन बघायला पूर्ण रेटलं की पाचेक मिनिटांत बझर, आणि मशीन आपोआप आरपीएम उतरवणार. दुकानात आणून पिंपात लावलं की गरीब गाईसारखं चालणार. मशीन चालू असलं की थंड करणाऱ्या पाण्याची बारीक धार भोकातून बाहेर उडते; ती बघून खलाशी विचारायचे, "धार तर मस्त मारता हा, मग तापता कशाक?"

त्याच सुमाराला बाजारात काचेच्या दारांचं एक नवं दुकान निघालेलं. नाव घेत नाही. मालवण ते केवढं. मशिनं तिकडे गेली. तिथे पुन्हा इम्पेलर, पुन्हा थर्मोस्टॅट, वर हेड गॅस्केट, आणि बिल किती झालं ते विचारू नका. मशिनं तरीही तापतच राहिली. पण तोवर आम्ही डुप्लिकेट इम्पेलर घातले होते असं बंदरभर झालेलं. ज्यांची मशिनं व्यवस्थित चालत होती तेसुद्धा येऊन स्टँडवरून आपापली मशिनं उचलून घेऊन गेले. आमच्याकडे लोअर (मशीनचा पाण्यातला खालचा भाग) उतरवायला शिकलेला पोरगाही तिकडेच गेला. दिवाळीपर्यंत भाडं थकलं, कॉम्प्रेसर विकायला काढला.

देवबागचे एक तांडेलकाका तेवढे राहिले. त्यांचं मशीन त्या वेळी आमच्याकडे उघडं पडलेलं. लोकांनी सांगितलं, घेऊन या तिथून. ते दुकानात येऊन बसले, चहा मागवला आणि म्हणाले, "मशीन हयच ऱ्हवतला. बिगाडला तर माजा बिगाडतला." त्यांचा पुतण्या त्याच व्यावसायिकाच्या बोटीवर होता. संध्याकाळी फेऱ्या संपल्यावर मालकाला न विचारता त्याने आम्हाला बोटीवर घेतलं. आता सांगायला हरकत नाही, पुतण्याची स्वतःची बोट आहे.

आता बोटीवर नेलेल्या पाण्याचा दाब मोजायच्या गेजबद्दल. हा गेज ० ते ३० पीएसआयचा, पितळी बॉडीचा, ग्लिसरीन भरलेला. ग्लिसरीन नसलेला घेऊ नका, मशीनच्या थरथरीने काटा दिसतच नाही. ब्लॉकवरचा प्लग काढून त्या जागी निपल लावायचा आणि लांब नळीने गेज चालवणाऱ्यासमोर धरायचा. किती दाब हवा ते मॉडेलप्रमाणे वेगळं, मॅन्युअल बघा. पण आरपीएम चढला की काटा चढलाच पाहिजे. त्या संध्याकाळी तीन हजारला काटा दहावर गेला. बरोबर. साडेतीन हजारला तेरा. चार हजारच्या पुढे तो एकदम चारवर पडला आणि तिथेच फडफडत राहिला. झिजलेल्या इम्पेलरचा काटा कमी चढतो, असा फडफडत नाही. हा पंप पाण्याबरोबर हवा ओढत होता. थ्रॉटल उतरवल्यावर काटा परत जागेवर.

बोट वर ओढून खाली वाकून बघितलं. वादळानंतरच्या दुरुस्तीत फायबरवाल्याने कील (तळाच्या मधोमध जाणारी कड) जाड केली होती, वाळूवर ओढताना झिजू नये म्हणून, आणि ती तशीच चौकोनी, थेट ट्रान्समपर्यंत, म्हणजे मशीन टांगतात त्या मागच्या फळीपर्यंत आणून सोडलेली. मशीनचा पाण्यातला पाय, म्हणजे लेग, बरोबर तिच्या मागे. वेगात त्या ठोकळ्यामागे नुसता बुडबुड्यांचा फेस होतो आणि पाणी ओढायच्या जाळ्या त्याच फेसात. पिंपात कील नसते, म्हणून पिंपात काही सापडत नाही! कील शेवटच्या दीड फुटात निमुळती करत नेऊन तळाशी मिळवून टाकली. दुसऱ्या दिवशी काटा शेवटपर्यंत चढला, बझर गप्प.

त्या व्यावसायिकाने बाकीच्या बोटींच्या कीली परस्पर फायबरवाल्याकडून कापून घेतल्या. आम्हाला साधा फोन नाही. फायबरवाला म्हणतो, मला कोणी सांगितलंच नव्हतं. काचेच्या दुकानात ऐकायला मिळालं, "आमचो अंदाज आधीपासून तोच होतो." अंदाज होता तर हेड गॅस्केट कशाला बदललं, हे मात्र कोणी विचारलं नाही.

असो. विषय निघालाच आहे तर दोन गोष्टी सांगतो. धार येते म्हणजे ब्लॉकमध्ये पाणी फिरतं असं नाही. मीठ आणि वाळू सिलिंडरभोवती साचली तरी धार जोरात येऊ शकते. उलट, धारेच्या भोकात कुंभारमाशीने मातीचं घर केलं तर मशीन थंड असून धार बंद; आधी बारीक तार घाला, मग लोअर उतरवा. इम्पेलरची पाती तुटलेली निघाली तर तुकडे जुळवून बघा. एक कमी असेल तर तो वर कुठेतरी अडकलाय, थर्मोस्टॅटपाशी नाहीतर पाइपात, आणि नवा इम्पेलर घालून तो निघत नाही. थर्मोस्टॅट काढून फेकायची आपल्याकडे फार सवय. त्याने मशीन नीट तापत नाही, टू-स्ट्रोकचे प्लग काळे होतात आणि फोर-स्ट्रोकच्या ऑइलमध्ये पेट्रोल उतरतं. मग ऑइल वाढलं म्हणून आनंद मानतात. थर्मोस्टॅट चालतो का बघायचं तर तो दोऱ्याला बांधून पातेल्यात गार पाण्यात सोडा, पाणी तापवत न्या, शेजारी थर्मामीटर धरा, कधी उघडतो ते डोळ्यांनी दिसतं. आणि कोविडमधली कपाळावर धरायची बंदूक हेडवर धरू नका, ती बेचाळीस-त्रेचाळीसच्या वर वाचतच नाही.

तांडेलकाकांचं मशीन अजून आमच्याकडेच येतं, दर वर्षी पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीच्या काळात, जूनच्या पहिल्या आठवड्यात. कॉम्प्रेसर विकावा लागला नाही. तिकडे गेलेला तो पोरगा परत आला होता, कामावर ठेवला नाही. काचेच्या दुकानात आता बोटीवर येऊन कील बघायचे वेगळे पैसे घेतात. आम्ही आजवर फुकट बघतो. यंदापासून घ्यावेत असं घरच्यांचं म्हणणं आहे.