गराडू, खोटा बर्फ आणि रागावणारी आई

डिसेंबरात मी अमेरिकन टीव्हीसाठी बनवलेले ख्रिसमसचे सिनेमे बघते आणि मला त्याची मुळीच लाज वाटत नाही. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, शेजारी बसून गरम गराडूवर, म्हणजे तळलेल्या कंदाच्या फोडींवर, जीरावण मसाला भुरभुरतात (घरी तळले तरी इंदूरच्या सराफा बाजाराची चव येत नाही, हे दर वर्षी ऐकवतात) आणि पंधरा मिनिटांत शेवट सांगून मोकळ्या होतात. त्यात अवघड काहीच नसतं. शहरातली नोकरदार मुलगी गावी येते, चौकड्याच्या शर्टातला सुतार भेटतो, कुणाचं तरी दुकान बुडायला आलेलं असतं, आणि शेवटी बर्फ पडतो. हॉलमार्क या अमेरिकन वाहिनीने २००९ पासून 'काउंटडाउन टू ख्रिसमस'च्या नावाने याचा रतीबच लावलाय. यातले कित्येक सिनेमे कॅनडात, तेही उन्हाळ्यात चित्रित होतात. बर्फ खोटा, लोकरीच्या कोटातला घाम खरा. आई एकदा म्हणाल्याच, "अगं, एवढ्या थंडीत हिच्या तोंडातून वाफ कशी नाही निघत?"

गेल्या डिसेंबरात मात्र मी 'द होमकमिंग' लावला. सीबीएस या अमेरिकन वाहिनीने १९७१ मध्ये दाखवलेला, लेखक अर्ल हॅमनर यांच्या बालपणावर बेतलेला. १९३३ सालच्या नाताळची आदली रात्र, व्हर्जिनियातलं डोंगराळ खेडं, मंदीचे दिवस, सात मुलं. बाप दूर गावी कामाला, अजून घरी पोचलेला नाही. त्यात रेडिओवर बसच्या अपघाताची बातमी.

पॅट्रिशिया नीलने केलेली आई सारखी खेकसते. थोरल्याच्या खोलीचं दार बंद दिसलं की तिला वाटतं, हा आत सिगारेट ओढतोय. तो बिचारा चोरून वहीत लिहीत असतो. मी आईंना संवाद समजावून सांगायला लागले, तर म्हणाल्या, "राहू दे. ती रागावलेली नाही, घाबरलीय."

सासरे मिलमध्ये होते. दुसऱ्या पाळीवरून यायला उशीर झाला की त्या रात्री नणंदेला आणि आमच्या ह्यांना विनाकारण बोलणी बसायची, हे नणंदेने मला लग्नानंतर लगेच सांगितलं होतं. सायकल फाटकाशी टेकली की बोलणी बंद, आमटी गरम. आई स्वतः याबद्दल कधी बोलल्या नव्हत्या. त्या दिवशीही तेवढंच बोलल्या.

मला हा सिनेमा आवडतो तो यासाठीच. हल्लीच्यांत सगळे एकमेकांशी इतकं गोड बोलतात की कुणाला कुणाची काळजी आहे, हे कळायला पार्श्वसंगीत लागतं. इथे एक शहरी बाई गरिबांच्या मुलांकडून बायबलमधली वचनं वदवून खेळणी वाटते, आणि एका लहानगीच्या वाट्याला चेहरा फुटलेली बाहुली येते. हल्लीच्या सिनेमात पुढच्या जाहिरातीपर्यंत ती दुरुस्त झाली असती.

बाप शेवटी येतोच. थोरल्यासाठी लिहायच्या वह्या आणतो. आईंनी तेव्हा चष्मा पुसला. गराडूचं तेल लागलं म्हणे.

याच सिनेमावरून पुढे 'द वॉल्टन्स' मालिका निघाली आणि १९७२ ते १९८१ चालली, हे सांगितल्यावर म्हणाल्या, "मग लाव की!" लावली. थोरला तोच, आजीही तीच. आई मात्र मायकेल लर्नेड नावाची दुसरीच नटी, दिसायला छान आणि बरीच शांत.

"ही कोण?" आईंनी विचारलं, आणि रिमोट मागून घेतला.